पहिल्यांदा मालगाडीचं स्टेअरिंग धरताय? परभणीच्या नव्या ड्रायव्हरांसाठी कामाच्या गोष्टी

परभणी जिल्ह्यात कारखाने मोजके आणि नोकऱ्या त्याहून कमी. म्हणून दहावी-बारावी करून थांबलेले आपले अनेक तरुण ड्रायव्हिंगकडे वळतात. परभणीच्या मोंढ्यातून जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा या गावांना किराणा, खत, सिमेंट पोचवायला छोटा हत्ती, पिकअप किंवा आयशर लागतेच. येताना शेतमाल मिळाला तर परतीचं भाडंही निघतं. धंदा चांगला आहे. मात्र कागद, वजन आणि झोप या तीन गोष्टींत हयगय केली तर वर्षभराची कमाई एका दिवसात जाते, असं आम्हाला वाटतं.

आधी लायसन्स. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी निकाल दिला की, हलक्या वाहनाचं लायसन्स असलेला माणूस 7,500 किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडी चालवू शकतो. एकूण वजन म्हणजे गाडी आणि माल मिळून. हा आकडा आरसीवर छापलेला असतो, तो बघूनच गाडी घ्या. त्यापेक्षा मोठी गाडी असेल तर ट्रान्सपोर्टचं लायसन्स लागतं. त्यासाठी वय 20 पूर्ण हवं आणि हलक्या वाहनाचं लायसन्स किमान एक वर्ष जुनं हवं.

दुसऱ्याची गाडी चालवायला घेताना लाजू नका. आरसी, विमा, फिटनेस, पीयूसी आणि लागत असेल तर परमिट, सगळ्यांच्या तारखा स्वतः वाचा. डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधले कागदही चालतात. विमा संपलेल्या गाडीने अपघात झाला तर भरपाईचा बोजा मालकावर आणि तुमच्यावर येऊ शकतो. मालाची पावती, बिल्टी सोबत हवीच. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाख रुपयांवरचा माल असेल तर ई-वे बिल लागतं. वाटेत गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीत टाकला, तर त्या बिलावर नव्या गाडीचा नंबर चढवून घ्या.

आता वजन. "दहा पोती जास्त टाक, काही होत नाही," असं सांगणारे मोंढ्यात कमी नाहीत. कायद्यात ओव्हरलोडला 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये दंड आहे, शिवाय जादा माल तिथेच उतरवावा लागतो. मालक फोनवर "मी बघतो" म्हणेल, पण रस्त्यावर उभे तुम्ही असता आणि भरलेल्या गाडीचा ब्रेक उशिरा लागतो तोही तुमच्याच पायाखाली. शंका आली की काट्यावर वजन करून पावती खिशात ठेवा. लग्नाला किंवा यात्रेला माणसं भरून नेऊ नका. मालगाडीचा विमा अशा प्रवाशांना धरत नाही.

आपल्या भागाच्या रस्त्यांचे काही धडे वेगळेच आहेत. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेची काळी माती वरून कोरडी दिसते आणि आतून लोण्यासारखी असते. साइड देताना भरलेल्या गाडीचं चाक तिथे उतरलं तर गाडी कलंडते. कापसाचा माल हलका पण उंच असतो. गावातल्या खाली आलेल्या विजेच्या तारा बघा आणि गाडीजवळ कोणालाही बिडी ओढू देऊ नका. गाळप हंगामात रात्री उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या लावून चालतात, अनेकांना मागे रिफ्लेक्टर नसतो. अंधारात वेग कमी ठेवा. उन्हाळ्यात टायरची हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. तापलेल्या टायरची हवा सोडू नका.

झोपेशी पैज लावू नका. मोटार कामगारांच्या 1961 च्या कायद्याने दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती ठरवून दिली होती. डोळे जड झाले तर चहा पुरत नाही, ढाब्यावर गाडी लावून वीस मिनिटं झोपा. रमजानमध्ये इफ्तारच्या आधीच्या तासात थकवा जास्त असतो आणि घरी पोचायची घाईही असते. खजूर आणि पाणी गाडीत ठेवा, वाटेतच रोजा सोडा.

अपघात झालाच तर पळून जाऊ नका. जखमीला दवाखान्यात पोचवणं, 108 ला फोन करणं आणि पोलिसांना कळवणं ही ड्रायव्हरची कायदेशीर जबाबदारी आहे. जमाव भडकला असेल तर थेट जवळचं पोलीस ठाणं गाठा आणि मदत तिथून मागवा. चोवीस तासांच्या आत माहिती देणं बंधनकारक आहे.

शेवटी हिशेब. भाडं किती, डिझेल कोणाचं, वाराई कोण देणार, माल कमी भरला तर जबाबदार कोण, हे गाडी भरण्याआधी ठरवा. फोनवर ठरलं असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. पोती मोजूनच चढवा, मोजूनच उतरवा आणि माल घेणाऱ्याची सही घेतल्याशिवाय फाळका लावू नका. व्यापारी पुढच्या फेरीला अशाच ड्रायव्हरला फोन करतो.