बिऱ्हाड पाठीवर

गेल्या दिवाळीनंतर डोंबिवलीस आमच्या एका जुन्या स्नेह्यांकडे भोजनास जाण्याचा योग आला. पानें उठल्यावर सुपारी पुढें करीत स्नेही म्हणाले, "आमच्या चिरंजीवांनीं एक नवेंच खूळ डोक्यांत घेतलें आहे. त्याला दोन शब्द तुम्हींच सांगा." चिरंजीवांचें वय सव्वीस, अभियांत्रिकीची पदवी घेऊन चांगल्या नोकरीवर असलेले. खूळ असें, कीं नोकरी सोडून वर्षभर ऑस्ट्रेलियांत हिंडावयाचें. पाठीवर एक पिशवी आणि हातीं मिळेल तें काम. मळ्यांत द्राक्षें तोडावीं, आंबे उतरावे, उपाहारगृहांत बशा विसळाव्या, आणि चार पैसे जमले कीं पुढच्या गांवची वाट धरावी. "भावोजी," त्याच्या मातोश्री म्हणाल्या, "शिकून सवरून परक्यांच्या बशा विसळायच्या, हें का याच्या नशिबीं लिहिलें आहे?" त्यावर मुलगा शांतपणें म्हणाला, "काका, तिकडे कष्टाची लाज कोणाला वाटत नाहीं. ती आपल्याकडेच."

त्याचें हें उत्तर आम्हांस आवडलें, आणि थोडें बोंचलेंहि.

आमच्या ज्या वाचकांस या प्रकाराची माहिती नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. परदेशच्या तरुणांनीं आपल्या देशांत वर्षभर राहावें, देश पाहावा, आणि फिरतां फिरतां खर्चापुरतें काम करावें, अशी सोय ऑस्ट्रेलियाच्या सरकारनें १९७५ सालीं सुरू केली. आरंभीं ती ब्रिटनसारख्या थोड्या देशांपुरती होती. २०२२ सालीं भारताशीं जो व्यापारी करार झाला, त्यायोगें ती आपल्या तरुणांसहि मिळूं लागली, व २०२४ सालीं तिची पहिली सोडत निघाली. वर्षाला जागा एक हजार; वय १८ ते ३०; शाळेनंतर निदान दोन वर्षांचें शिक्षण झालेलें हवें, आणि पहिल्या दिवसांच्या खर्चापुरती रक्कम गांठीं असल्याचें दाखवावें लागतें. दुसरें वर्ष राहावयाचें असल्यास तीन महिने ठरलेल्या भागांत शेतीमळ्यासारखें ठरलेलें काम करावें लागतें. मिल्ड्युराचीं द्राक्षें, शेपर्टनचीं नासपतीं, बोवेनचे आंबे हीं अशाच पाहुण्या हातांनीं बरींचशीं उतरतात.

सोडतींत चिरंजीवांचें नांव निघालें होतें. आम्हीं होकारहि दिला नाहीं, नकारहि दिला नाहीं. इतकेंच म्हटलें, "बाळ, जाण्यापूर्वीं दोन दिवस आमच्याबरोबर चल. असा प्रवास वर्षानुवर्षें करणारीं माणसें तुला घराजवळच दाखवितों."

मार्गशीर्षांतल्या एका सकाळीं आम्ही दोघे कल्याणहून मुरबाडच्या एस. टी.त बसलों. हाच रस्ता पुढें सरळगांव, टोकावडें करीत माळशेज घाटास जातो. जवळच नाणेघाट. तेथें सातवाहनांच्या काळचे लेख कोरलेले आहेत, आणि जकातीचा म्हणून एक दगडी रांजण अजून दाखवितात. दोन हजार वर्षें या मुलखांतून कोणी ना कोणी ओझें घेऊन चाललेंच आहे. आम्हांस ज्या वाडीवर जावयाचें होतें ती कातकऱ्यांची. खैराच्या झाडापासून कात काढणारे म्हणून हे कातकरी. रान गेलें, कात गेला, नांव तेवढें राहिलें. सरकारदरबारीं या जमातीची गणना अतिमागास अशा आदिवासी जमातींत होते. महाराष्ट्रांत कोलाम व माडिया यांच्या जोडीला ही तिसरी.

वाडींत शिरलों तों निम्म्या झोपड्यांच्या दारांना कांट्या लावलेल्या. एक टेम्पो उभा होता व त्यांत संसार चढत होता: दोन पातेलीं, तवा, पाण्याचे डबे, गोधड्यांचें बोचकें, तांदळाची अर्धी गोण, टोपलीखालीं चार कोंबड्या, आणि सर्वांच्या वर बसविलेली एक म्हातारी. आमच्या तरुण सोबत्यानें परदेशीं न्यावयाच्या जिनसांची यादी खिशांत बाळगली होती. ती त्यानें न काढतांच परत आंत सारली, हें आम्हीं पाहिलें.

"कुठं चाललांत, बाय?" आम्हीं एका बाईस विचारलें.

"भट्टीवं, दादा. भात सरला का गाव सुटला. हितं राहून खायचा काय?"

भात कापून झालें कीं निघावयाचें, आणि पावसाच्या तोंडावर आवणीसाठीं परतावयाचें, असा हा सहा-सात महिन्यांचा प्रवास. शहापूर व मुरबाड या दोन्ही तालुक्यांतून कातकरी, ठाकूर मंडळी भिवंडी, कल्याण, वसई, पनवेल अशा दिशांनीं वीटभट्ट्यांवर जातात. कोणी रेतीच्या कामावर जातात, कोणी कोळशाच्या. कामाचें ठिकाण बदलतें, मालक बदलतो. मात्र निघण्याचें कारण सहसा एकच असतें, व त्यास 'उचल' म्हणतात. पावसाळ्यांत घरांत दाणा नसतो. कोणी आजारी पडतें, कोणाचें लग्न निघतें. तेव्हां भट्टीचा मुकादम आगाऊ रक्कम देतो. ती ज्यानें घेतली त्यानें हंगामभर बायकोमुलांसह त्याच भट्टीवर विटा पाडून ती फेडावयाची. या बाईनें ती मुलाच्या दुखण्यासाठीं घेतली होती. किती, असें विचारतां तिनें नवऱ्याकडे पाहिलें, नवऱ्यानें मुकादमाकडे पाहिलें, आणि मुकादमानें आमच्याकडे पाहिलें. उत्तर कोणींच दिलें नाहीं.

पुढें माघ महिन्यांत आम्ही शहापूर तालुक्यांतल्या त्याच भट्टीवर गेलों. आसनगांवास गाडींतून उतरलों तेव्हां माहुलीचे सुळके उन्हांत लखलखत होते. ज्या तानसेचें पाणी मुंबई १८९२ सालापासून पीत आहे ती तानसा याच तालुक्यांतली. भातसा व मोडकसागरहि याच तालुक्यांतले. तरी उन्हाळ्यांत येथल्याच वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते.

भट्टीवरचें काम उजाडण्याच्या पुष्कळ आधीं सुरू होतें. रात्रीं भिजवून ठेवलेली माती पायांनीं तुडवावयाची, तींत तूस व राख मिसळावयाची, गोळा साच्यांत दाबावयाचा, वरचा भाग हातानें सपाट करावयाचा, आणि वांकून वीट जमिनीवर उतरवावयाची. मजुरी हजार विटांवर. एकेरी साचा असेल तर हजार विटा म्हणजे हजार वेळां वांकणें. आमच्या तरुण मित्रानें हौसेनें साचा हातीं घेतला. तीस विटा झाल्या तेव्हां त्याची पाठ धरली. त्यांतल्याहि अकरा कोपऱ्याला तुटल्या होत्या. बाई हंसली, आणि तिच्या दहा-बारा वर्षांच्या मुलीनें तुटलेल्या विटांची माती मुकाट्यानें पुन्हा ढिगाऱ्यावर टाकली. ही मुलगी चौथीपर्यंत शिकलेली. अशा मुलांसाठीं विधायक संसद या संस्थेनें भट्ट्यांवरच 'भोंगा शाळा' चालविल्या होत्या, आणि आईबाप कामावर गेले तरी मुलांनीं गांवींच राहून शिकावें म्हणून सरकारनेंहि हंगामी वसतिगृहांची योजना केली. पण या मुलीच्या मागें धाकटा भाऊ होता. त्याला सांभाळावयास दुसरें कोण?

संध्याकाळीं परततांना गाडींत तरुण मित्र म्हणाला, "काका, मी जातों तें काम आणि हें काम, दोन्ही कष्टाचींच. मग फरक कोठें आहे?"

प्रश्न त्याचाच होता, आणि उत्तरहि त्यानेंच हळूहळू शोधलें. तो मळ्यांत जाईल तेव्हां त्याची मजुरी ठरल्या मुदतीस, हिशेबाच्या कागदासह, त्याच्या हातीं पडेल. मालक पटला नाहीं तर तो पिशवी उचलून दुसऱ्या गांवीं जाईल. आणि सर्वच फसलें, तर डोंबिवलीस आईचें घर आहे. भट्टीवरच्या कुटुंबास आठवड्याला मिळते ती फक्त खर्ची, म्हणजे मीठ-मिरची-तांदळापुरते पैसे. मजुरीचा हिशेब हंगामाच्या शेवटीं, तोहि मालकाच्या वहीप्रमाणें. उचल फिटल्यावांचून भट्टी सोडतां येत नाहीं.

कोणी म्हणेल, ऑस्ट्रेलिया म्हणजे स्वर्गच काय? मुळींच नाहीं. २००० सालच्या जून महिन्यांत क्वीन्सलंडमधील चिल्डर्स या गांवीं, मळ्यांत काम करणारे प्रवासी जेथें उतरत त्या वसतिगृहास आग लागली, व १५ तरुण प्रवासी प्राणांस मुकले. तेथेंहि मजुरी पेटाऱ्यावर ठरे, आणि दिवसभर राबून पोटापुरतेंहि मिळालें नाहीं अशा तक्रारी वर्षानुवर्षें होत राहिल्या. अखेर २०२१ सालीं तेथल्या वेतन-न्यायासनानें निर्णय दिला, कीं पेटाऱ्यावर काम दिलें तरी तासाच्या किमान वेतनाहून कमी कोणाच्या पदरीं पडतां कामा नये. २०२२ च्या एप्रिलपासून तो अमलांत आला.

आपल्याकडे असे कायदे नाहींत असें नाहीं. कर्जापोटीं माणसास कामाला बांधून ठेवणें हा १९७६ च्या वेठबिगार-निर्मूलन कायद्यानें गुन्हा ठरला आहे. किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबविणें हीहि वेठच, असें आपल्या सर्वोच्च न्यायालयानें १९८२ सालीं स्पष्ट केलें. म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या त्या निर्णयाच्या एकोणचाळीस वर्षें आधीं. स्थलांतर करणाऱ्या मजुरांसाठीं १९७९ सालीं कायदा झाला, पण तो राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांपुरता होता. मुरबाडाहून भिवंडीस गेलेला कातकरी त्यांत बसलाच नाहीं. त्या वेळच्या ठाणें जिल्ह्यांत वेठीविरुद्ध १९४५ सालीं वारल्यांचा उठाव झाला, आणि त्यांत पुढें असलेल्या गोदावरी परुळेकर पुण्याच्या सुशिक्षित घरांतून आलेल्या होत्या. आमच्या पिढीनें त्यांचें पुस्तक वाचलें, वाखाणलें, आणि कपाटांत ठेवलें.

हें लिहितांना आम्हांस आमचीच एक गोष्ट आठवते. बदलापुरास आम्हीं लहानसें घर बांधलें तेव्हां विटांचा ट्रक आला कीं आम्ही स्वतः उभे राहून विटा मोजीत असूं. तुटक्या किती, कच्च्या किती, हें लिहून ठेवण्याची वही आम्हीं घातली होती. त्या विटा कोणीं पाडल्या, आणि त्याच्या मजुरीचा हिशेब कोणीं लिहिला, हें विचारण्याचें त्या चार महिन्यांत एकदांहि आमच्या मनांत आलें नाहीं.

ही गोष्ट आम्हीं तरुण मित्रास सांगितली. पुढच्या रविवारीं तो एकटाच भट्टीवर गेला, आणि त्या मुलीला शंभर पानी वही व पेन्सिल देऊन आला. रोज संध्याकाळीं किती विटा झाल्या, शनिवारीं किती खर्ची मिळाली, एवढेंच लिहावयाचें. चौथी शिकलेल्या मुलीस तेवढें सहज येत होतें. परदेशीं निघेपर्यंत चार-पांच रविवार त्यानें तेथें घालविले. शेवटच्या खेपेस त्याच्या मातोश्रीहि बरोबर गेल्या. परत आल्यावर त्या एवढेंच म्हणाल्या, "जाऊं दे त्याला, भावोजी. बशा विसळून कोणी लहान होत नाहीं."

वैशाखाच्या अखेरीस हिशेबाच्या दिवशीं आम्ही मुद्दाम हजर राहिलों. मालकाच्या वहीप्रमाणें उचल अद्याप फिटलेली नव्हती. मुलीच्या वहींत विटा बऱ्याच अधिक होत्या. मालक रागावला, म्हणाला, पोरीच्या लिहिण्यावर व्यवहार होतो काय? आम्हीं त्या वहीचें एकेक पान तारखेवार वाचावयास सुरुवात केली. तिसऱ्या पानावर मालकानें हात वर केला. सर्व नाहीं, पण बराचसा फरक त्यानें मान्य केला. त्या कुटुंबाच्या हातीं पडलें तें थोडकेंच. परंतु उचल फिटली, आणि पुढच्या वर्षाचें देणें डोक्यावर न घेतां तें मुरबाडास परतलें. शेजारच्या झोपडींतली एक बाई आम्हांस बाजूला घेऊन म्हणाली, "दादा, आमच्या पोरीला पन वही द्याल का?"

मुलाचें पत्र आलें आहे. तो सध्यां मिल्ड्युराजवळ द्राक्षांच्या मळ्यांत आहे. हातांना फोड आले आहेत, पण दर आठवड्याचा हिशेबाचा कागद तो जपून ठेवतो, असें लिहितो.

आमच्या वाचकांत कल्याण, बदलापूर, शहापूर येथें राहणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकीं कोणी घर बांधीत असतील त्यांनीं विटांच्या दराबरोबर आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा: ज्यांनीं या पाडल्या त्यांचा हिशेब कधीं होतो, आणि तो कोण लिहितो? आणि ज्यांच्या घराजवळ भट्टी आहे त्यांनीं, शक्य असेल तर, दिवाळीनंतरच्या एखाद्या रविवारीं एक कोरी वही घेऊन तेथवर जावें.