‘स्नीक’ लिहिलं की ‘स्लिप’? गुपचूप चालण्याचे इंग्रजी शब्द आणि गेटवरचं रजिस्टर

अथाल (सिल्वासा) : सिल्वासा–नरोली रस्त्यावरच्या अथालमध्ये कारखान्यांच्या पाळ्या रात्रीही चालतात आणि गेटवर नोंदीचं रजिस्टर असतं. गार्ड बोलतो हिंदी, सुपरवायझर गुजराती, कामगार घरी वारली नाहीतर मराठी. नोंद मात्र इंग्रजीत करायची पद्धत पडली आहे. गोची होते ती इथे. समजा, रात्री एक कामगार चहा पिऊन बाजूच्या छोट्या दारातून आत आला. गार्डला एवढंच सांगायचं असतं की हा उशिरा आला आणि मोठ्या गेटने आला नाही. तो लिहितो, वर्कर ‘स्नीक्ड इन’. सकाळी ती ओळ वाचणारा साहेब ‘उशिरा आला’ असं वाचत नाही. ‘पकडला जाऊ नये म्हणून चोरून घुसला’ असं वाचतो. नोटीस निघते ती त्या शब्दावर.

मराठीत आपली रीत वेगळी आहे. आपण क्रियापद साधं ठेवतो आणि त्याच्या मागे कसं ते जोडतो. हळूच आला, दबकत आला, लपतछपत आला, चोरपावलांनी आला. ‘आला’ तोच, फक्त चाल बदलते. हिंदीत ‘दबे पाँव’ आणि शेजारच्या गुजरातीत ‘छानामाना’ हेच काम करतात. इंग्रजीत मात्र चाल आणि हेतू दोन्ही बऱ्याचदा एकाच क्रियापदात कोंबलेले असतात. त्यामुळे डिक्शनरीत सगळ्यांपुढे ‘गुपचूप जाणे’ असा एकच अर्थ पाठ करणारी मुलं परीक्षेत फसतात आणि मोठी माणसं रजिस्टरात.

आता एकेक शब्द बघू. ‘टिपटो’ सगळ्यांत निरागस. चवड्यांवर चालणं. बाळ झोपलंय, पाय वाजू नयेत, बस्स. ‘क्रीप’ म्हणजे अंग खाली दबवून, अगदी हळू, जमिनीलगत सरकत जाणं. त्याचा भूतकाळ ‘क्रेप्ट’. वेलीला ‘क्रीपर’ म्हणतात ते यावरूनच. ठेकेदारी करणाऱ्यांना ‘स्कोप क्रीप’ ठाऊक असेल, ठरलेलं काम कुणी न सांगता इंचाइंचाने वाढत जातं आणि बिल तेवढंच राहतं! ‘क्रीप’मध्ये वाईट हेतू असेलच असं नाही, पण ऐकणाऱ्याच्या अंगावर थोडा काटा येतो. उंदरावर दबकत जाणारी मांजर ‘क्रीप’ करते.

‘स्नीक’मध्ये मात्र पकडलं जाण्याची भीती आलीच. करू नये ते करतोय हे त्या माणसाला माहीत आहे. पोरगं अभ्यास सोडून मागच्या दाराने क्रिकेटला पळतं तेव्हा हा शब्द चपखल बसतो. भूतकाळ ‘स्नीक्ड’; अमेरिकेत ‘स्नक’ही सर्रास चालतं. इंग्लंडच्या शाळांतून चुगलखोर पोरालाही ‘स्नीक’ म्हणत. आणि मुलं ज्यासाठी हट्ट धरतात ते ‘स्नीकर्स’ बूट? रबरी तळामुळे पाय वाजत नाहीत, म्हणून ते नाव.

‘स्लिप’ याच्याहून सौम्य. लक्ष न वेधता सटकणं. लग्नात जेवण झालं की अहेर देऊन आपण काढता पाय घेतो, ते ‘स्लिप आउट’. त्यात गुन्हा नाही. वरच्या उदाहरणातला कामगार फार तर ‘स्लिप्ड इन’ होता, आणि खरं तर ‘एंटर्ड’ पुरेसं होतं. ‘स्लिंक’ म्हणजे शेपूट घालून जाणं, त्यात शरम आहे. ‘सायडल’ म्हणजे अंग चोरून, कडेकडेने सरकत जवळ येणं. उसने पैसे मागायला आलेला मित्र असाच येतो, बघा.

पुढची जोडी शिकारीची आहे. बिबट्या रात्री वस्तीभोवती घुटमळतो, काही मिळतं का बघतो, ते ‘प्राउल’. एकदा शेळी हेरली आणि तिच्या मागावर दबकत निघाला की ‘स्टॉक’. (उच्चारात ‘ल’ गायब, त्यामुळे गोदामातल्या मालाच्या ‘स्टॉक’शी गोंधळ होतो. स्पेलिंग वेगळं.) माणसाला ‘प्राउलिंग’ म्हटलं की तो भक्ष्य शोधत होता असं आपण म्हणून बसतो. गंमत म्हणजे अमेरिकेत पोलिसांच्या गस्तीच्या गाडीलाही ‘प्राउल कार’ म्हणायचे.

‘स्टॉकिंग’ तर आता थेट कायद्यातला शब्द आहे. 2013 च्या दुरुस्तीने भारतीय दंड संहितेत 354-ड हे कलम आलं, आणि 1 जुलै 2024 पासून तेच भारतीय न्याय संहितेत कलम 78 आहे. बाईने स्पष्ट नकार दाखवल्यावरही पुरुषाने पुन्हा पुन्हा पाठलाग करणं, संपर्काचा प्रयत्न करणं, तिच्या इंटरनेट-ईमेलवर पाळत ठेवणं, हे सगळं त्यात येतं. म्हणजे चालण्याचा शब्द असूनही हा गुन्हा एक पाऊल न टाकता, मोबाईलवरून होऊ शकतो. शिफ्ट सुटल्यावर रोज मागे येणाऱ्याबद्दल तक्रार करताना ‘फॉलो करतो’ एवढ्यावर थांबू नये. किती वेळा, कुठून कुठपर्यंत, आपण नको म्हटल्याला किती दिवस झाले, हेही लिहून द्यावं.

तसाच दुसरा शब्द ‘लर्क’. रोजच्या इंग्रजीत याचा अर्थ दबा धरून बसणं. चाल जवळजवळ नाहीच, लपून वाट बघणं आहे. पण जुन्या घरफोडीच्या बातम्यांत वाचक ज्या कलम 457 ला सरावले होते, त्याच्या इंग्रजी मजकुरात ‘लर्किंग हाउस-ट्रेसपास’ असे शब्द आहेत. तिथे अर्थ जरा सरकतो. ज्याला आपल्याला बाहेर काढायचा हक्क आहे त्याच्यापासून लपवण्याची खबरदारी घेऊन बेकायदा घरात शिरणं, असा तो अर्थ. तो दिवसाढवळ्याही लागू होतो. रात्री केलं तर शिक्षा वाढते. नव्या संहितेत ही व्याख्या कलम 330 मध्ये आहे आणि जुनं 457 आता 331(4) झालंय. म्हणून गेटबाहेर अंधारात विडी ओढत उभा असलेल्या माणसाबद्दल ‘लर्किंग’ लिहिणं जड पडू शकतं. तो नुसता रेंगाळत असेल तर ‘लॉयटरिंग’, आणि तोही शब्द तसा निर्दोष राहिलेला नाही. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 122 मध्ये, सूर्यास्त ते सूर्योदय संशयास्पद स्थितीत सापडणाऱ्यांच्या यादीत, तो बसलेला आहे. ‘उभा होता’ला ‘स्टँडिंग’ म्हणायला काय हरकत आहे, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

आता ‘स्टील’. याचा एक अर्थ चोरणं, दुसरा गुपचूप जाणं. ‘शी स्टोल इनटू द रूम’ याचं भाषांतर ‘तिने खोली चोरली’ असं करणारी मुलं असतात, हसू नका. ती हळूच खोलीत शिरली, एवढाच अर्थ. ‘स्टेल्थ’ हा शब्द याच कुळातला, जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ चोरीच होता. आपल्याकडेही नेमकं हेच झालंय. चोरपावलं, चोरवाट, चोरदरवाजा, चोरखिसा, यात चोर कुठेच नाही, फक्त गुपचूपपणा उरलाय. क्रिकेटमधली चोरटी धाव तर टाळ्या घेते. पण ‘चोरटी वाहतूक’ म्हटलं की प्रकरण गंभीर. आपल्याकडे दारू परवान्याने विकली जाते आणि हद्द ओलांडली की गुजरातची दारूबंदी सुरू होते, त्यामुळे हा शब्द या भागातल्या वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. त्याला इंग्रजीत ‘स्मगल’.

‘इन्फिल्ट्रेट’ हा शब्द तर बोलणारा कुठल्या बाजूला उभा आहे तेच दाखवतो. 1954 च्या पावसाळ्यात स्वयंसेवक या भागातल्या पोर्तुगीज ठाण्यांवर चालून आले. 22 जुलैला दादरा, 28 जुलैला अथालच्या शेजारचं नरोली, 2 ऑगस्टला सिल्वासा. त्यांत संगीतकार सुधीर फडकेही होते. पोर्तुगालच्या नजरेने बघाल तर ही घुसखोरी, आपल्या नजरेने मुक्ती. माणसं तीच, वाटा त्याच. पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं, तिथे वाद रंगला तो ‘पॅसेज’ या साध्या शब्दावर, म्हणजे भारताच्या जमिनीवरून इथे येण्या-जाण्याच्या हक्कावर. 12 एप्रिल 1960 च्या निकालात खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांच्यापुरता 1954 साली तो हक्क होता असं म्हटलं गेलं. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रास्त्रं यांना तो नव्हता. भारताने आपलं कर्तव्य मोडलं नाही, असंही न्यायालयाने ठरवलं.

गेटवर बसणाऱ्यांसाठी एवढंच की दिसलं ते लिहा. वेळ, कुठलं दार, कुठल्या दिशेने, हातात काय होतं, हाक मारल्यावर थांबला की पळाला. ‘2.40 वाजता मागच्या दाराने आत आला, विचारल्यावर चहाला गेलो होतो म्हणाला’ ही ओळ हिंदीत लिहिली तरी चौकशीत ती ‘स्नीक्ड’पेक्षा जास्त उपयोगी पडते. आणि ज्याच्या नावापुढे असा शब्द पडलाय त्याने नोटिशीला उत्तर देताना त्या शब्दालाच हात घालावा. लपण्यासाठी मी नेमकं काय केलं, ते कुणी पाहिलं, असं लेखी विचारावं. पोलिसांत तोंडी तक्रार दिली असेल तर लिहिलेला मजकूर तक्रारदाराला वाचून दाखवणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि एफआयआरची प्रत मोफत मिळते. सही करण्याआधी ‘याचा मराठीत अर्थ काय?’ असं विचारलं तर कुणी रागावत नाही. रागावलं तरी विचारावं.