रेल्वेने टाळलेले, कचेरीने तारलेले गाव

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात चेस काउंटीचे मुख्य ठिकाण असलेले कॉटनवूड फॉल्स हे गाव २०२०च्या जनगणनेत साडेआठशे वस्तीचे भरले. आपल्याकडे एवढ्या वस्तीला वाडी म्हणतील. तरीही इथे न्यायालय आहे, खजिना आहे, जमिनीच्या दस्तांची नोंद होते आणि शेरीफही इथेच बसतो. आपल्या तालुक्याच्या गावाला कचेरीमुळे जे वजन येते, तेच या गावाला काउंटीचे ठिकाण म्हणून आले आहे. गावाविषयी लिहिले जाते ते बहुधा त्याच्या देखणेपणाबद्दल: विटांनी बांधलेला मुख्य रस्ता, रस्त्याच्या टोकाला लाल छपराची दगडी इमारत, पलीकडे क्षितिजापर्यंत गवताच्या टेकड्या. हे वर्णन खरे आहे, पण त्यातून गावाची कहाणी कळत नाही. त्या परिसरातली कितीतरी गावे ओस पडली असताना हे टिकले, याचे श्रेय देखणेपणाला देता येत नाही. आधी तिथल्या दगडाने आणि मग कचेरीने गाव टिकवले. देखणेपण मागाहून नजरेत भरले.

दगडापासून सुरुवात करायला हवी. हा मुलूख फ्लिंट हिल्सचा. सुमारे सत्तावीस-अठ्ठावीस कोटी वर्षांपूर्वी, पर्मियन कालखंडात, इथे उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी चुनखडीचे थर साचले आणि त्या थरांमध्ये गारगोटीसारख्या कठीण दगडाच्या पट्ट्या तयार झाल्या. चुनखडी झिजते, हा दगड झिजत नाही. म्हणून टेकड्यांच्या माथ्यावर माती विताएवढीही नाही आणि असेल तिथे ती दगडाच्या तुकड्यांनी भरलेली. एकोणिसाव्या शतकात गोऱ्या शेतकऱ्यांनी आजूबाजूचा सगळा सपाट प्रदेश नांगराखाली आणला. इथे फाळ दगडाला लागला आणि नांगर नदीकाठच्या चिंचोळ्या खोऱ्यातच अडकून राहिला. उत्तर अमेरिकेत एके काळी सुमारे १७ कोटी एकरांवर उंच गवताची कुरणे होती. त्यांतली चार टक्क्यांहून कमी आज शिल्लक आहेत आणि जी आहेत ती प्रामुख्याने याच टेकड्यांत आहेत. पुरुषभर उंच वाढणारे बिग ब्लूस्टेम गवत, वसंतात पेटवून दिलेली राने, त्या राखेतून उठणारा कोवळा चारा आणि तो खाऊन काही आठवड्यांत वजन धरणारी गुरे, ही इथली शेती. ती भरपूर जमीन मागते आणि माणसे थोडीच मागते. त्यामुळे इथे मोठे शहर उभे राहण्याची शक्यता मुळातच नव्हती.

रेल्वे आली असती तर चित्र बदलले असते, असे तेव्हाच्या रहिवाशांनाही वाटत होते. सांता फे कंपनीचे रूळ १८७१मध्ये या खोऱ्यात आले, पण कॉटनवूड नदीच्या उत्तरेने, गावापासून सुमारे तीन किलोमीटरवरून. तिथे स्थानक झाले आणि स्थानकाभोवती नवे गाव वसले. पुढे १८८१मध्ये कंपनीचे अध्यक्ष विल्यम बार्स्टो स्ट्राँग यांच्या नावावरून ते स्ट्राँग सिटी झाले. त्या काळात रेल्वेने टाळलेल्या गावाचे भवितव्य सगळ्यांना ठाऊक होते: घरेसुद्धा उचलून गाड्यांवरून रुळांकडे नेली जात. कॉटनवूड फॉल्सने मात्र दोनच वर्षांत, १८७३मध्ये, नवे न्यायालय उभे केले. सुमारे ४२ हजार डॉलर त्यावर खर्च झाले, तेही १८७०च्या गणनेत ज्या काउंटीची लोकसंख्या दोन हजारही भरली नव्हती तिथे. एवढ्याशा वस्तीने एवढा पैसा डामडौलासाठी घातला, असे मानणे मला पटत नाही. काउंटीचे ठिकाण मतदानाने हलवता येत असे आणि शेजारी रेल्वेचे गाव वाढत होते. लाकडी खोलीतले दफ्तर एका रात्रीत बैलगाडीवर चढवता येते. तीन मजली दगडी इमारत कोणी चढवू शकत नाही.

वास्तुरचना जॉन हॅस्केल यांची होती. कॅन्ससच्या विधानभवनाच्या कामातही त्यांचा हात होता. त्यांनी फ्रेंच धाटणीचे उतरते छप्पर आणि वर घड्याळाचा मनोरा योजला. दगड मात्र इथल्याच खाणीतला. या इमारतीत सगळ्यांत मोलाचा वाटतो तो आतला जिना. नदीकाठच्या काळ्या अक्रोडाची झाडे तोडून, त्यांच्या लाकडातून तो गोलाकार वळत तिसऱ्या मजल्यापर्यंत नेला आहे. गवताच्या प्रदेशात झाडे फक्त पाण्याकाठी असतात, म्हणजे हे लाकूड त्या मुलखातले सगळ्यांत दुर्मीळ धन होते. ते कोणा धनिकाच्या दिवाणखान्यात लागले नाही. कर भरायला, लग्नाचा परवाना काढायला, बांधाचा तंटा घेऊन येणाऱ्या माणसांनी चढावे म्हणून ते इथे लागले. त्या पायऱ्या दीडशे वर्षे त्याच कामासाठी झिजत आहेत. कॅन्ससमध्ये आजही वापरात असलेले हे सर्वांत जुने काउंटी न्यायालय आहे. जिन्याच्या सुतारांची नावे मात्र हॅस्केल यांच्या नावासारखी घेतली जात नाहीत, आणि हा अन्याय जवळपास प्रत्येक जुन्या वास्तूच्या वाट्याला येतो.

याच १८७३ साली आणखी एक गोष्ट घडली. ती इमारतीच्या कौतुकात विसरली जाऊ नये. शेजारच्या काउन्सिल ग्रोव्ह भागातल्या राखीव जमिनीवरून कॉ लोकांना दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात, घालवून देण्यात आले. कान्सा हे त्यांचेच दुसरे नाव, आणि राज्याला नाव मिळाले ते त्यांच्यावरून. १८४६च्या करारानंतर उरलेली त्यांची जमीन टप्प्याटप्प्याने आक्रसत गेली होती. एकीकडे दस्त नोंदवणारी भक्कम इमारत उभी राहत होती आणि दुसरीकडे ज्यांच्याकडे कागदाचा दस्त नव्हता, असा मूळ मालक निघून जात होता. कचेरीने गाव तारले असे म्हणताना ते कोणाच्या जमिनीवर तारले, हेही म्हणावे लागते.

कचेरीचे मोल तेव्हा किती होते, हे सॅम वूड याच्या आयुष्यावरून कळते. ओहायोतल्या क्वेकर घरात जन्मलेला हा माणूस १८५४मध्ये गुलामगिरीविरोधाच्या लढ्यासाठी कॅन्ससमध्ये आला. १८५९मध्ये त्याने कॉटनवूड फॉल्समध्ये वृत्तपत्र सुरू केले. चेस काउंटी त्याच वर्षी अस्तित्वात आली आणि ती घडवण्यात त्याचा मोठा वाटा होता. १८६७मध्ये कॅन्ससने स्त्रियांना मताधिकार द्यावा का, यावर राज्यभर मतदान घेतले. अमेरिकेतले असे ते पहिलेच. त्या मोहिमेच्या पुढाऱ्यांत वूड होता. लूसी स्टोन आणि सुझन अँथनी प्रचाराला कॅन्ससमध्ये आल्या. मोहीम हरली. दोन दशकांनी हाच वूड राज्याच्या नैर्ऋत्य टोकाला, स्टीव्हन्स काउंटीत, वूड्सडेल नावाचे गाव वसवून बसला आणि काउंटीचे ठिकाण तिथे यावे म्हणून ह्यूगटन या गावाशी भिडला. १८८८च्या जुलैत त्या वैरातून वूड्सडेलच्या बाजूची चार माणसे गवताच्या रानात मारली गेली. २३ जून १८९१ रोजी ह्यूगटनमध्ये, तात्पुरते न्यायालय भरत असलेल्या चर्चच्या बाहेर, खुद्द वूडला गोळ्या घातल्या गेल्या. कोणालाही शिक्षा झाली नाही. त्याचे दफन कॉटनवूड फॉल्समध्ये झाले. गावाच्या पर्यटनविषयक मजकुरात या माणसाला हक्काचे पान मिळायला हवे. ज्याने ही काउंटी घडवायला मदत केली, त्याचा जीव दुसऱ्या काउंटीच्या कचेरीपायी गेला.

कचेरीने गाव टिकवले या म्हणण्यावर पहिला आक्षेप येईल तो रेल्वेचा. स्ट्राँग सिटीला रूळ मिळाले, चुनखडीच्या खाणी मिळाल्या, मालगाड्या मिळाल्या; खरी ताकद तिथेच नव्हती का? काही दशके होती. तिथला दगड रेल्वेच्या पुलांसाठी दूरवर जात असे, आणि दोन गावांना जोडणारी घोड्यांची ट्रामसुद्धा होती. पण काँक्रीट आले, खाणींचे काम आटले, प्रवासी गाड्या थांबेनाशा झाल्या. आज स्ट्राँग सिटीची वस्ती चारशेच्या आसपास आहे, म्हणजे कचेरीच्या गावाच्या निम्मी. कंपनीला मार्ग बदलायला संचालकांची एक बैठक पुरते. कचेरी हलवायला लोकांचे मत लागते.

दुसरा आक्षेप पर्यटनाचा. १९९६मध्ये स्ट्राँग सिटीच्या उत्तरेला १०,८९४ एकरांचे टॉलग्रास प्रेअरी राष्ट्रीय संरक्षित क्षेत्र झाले, २००९मध्ये तिथे गवे परत आणले गेले. १९९१मध्ये विल्यम लीस्ट हीट-मून यांचे या एका काउंटीवरचे जाडजूड पुस्तक आले, बझार गावाजवळ १९३१च्या विमान अपघातात गेलेले फुटबॉल प्रशिक्षक नूट रॉकनी यांचे स्मारक पाहायला लोक येतात, आणि स्ट्राँग सिटीचा रोडिओ १९३८पासूनचा आहे. हे सगळे गावाला हवेच. मात्र पाहुणा येतो तो ऋतू पाहून आणि सुट्टी पाहून. संरक्षित क्षेत्राला स्थानिक पशुपालकांनी वर्षानुवर्षे विरोध केला, कारण सरकार जमीन गिळेल ही भीती होती. अखेर सरकारी मालकी १८० एकरांहून अधिक नसावी, असे कायद्यातच लिहावे लागले. जानेवारीतल्या एखाद्या मंगळवारी उपाहारगृहाला गिऱ्हाईक मिळते ते कारकून, वकील आणि दस्तासाठी आलेला शेतकरी यांच्यामुळे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. कॅन्ससमध्ये १०५ काउंट्या आहेत. घोडागाडीच्या काळात सोयीच्या होत्या, त्या मोटारीच्या काळात कशाला? चेस काउंटीची लोकसंख्या १९००च्या सुमारास आठ हजारांवर होती, २०२०मध्ये २,५७२ राहिली. एम्पोरियासारखे शहर गाडीने अर्ध्या तासावर आहे. काउंट्या एकत्र केल्या तर करदात्याचा पैसा वाचेल, हे मान्य करायला हवे. पण त्या हिशोबात वाचलेला पगार धरतात. ज्या गावातून तो पगार नाहीसा होतो, त्या गावाचे पुढे काय होते ते धरत नाहीत. कॅन्ससला हा अनुभव आहे. गारफील्ड काउंटी १८८७मध्ये झाली आणि मुख्य ठिकाणासाठी रॅव्हाना व एमिनन्स ही गावे कोर्टकचेऱ्यांपर्यंत भांडली. काउंटीचे क्षेत्रफळच कायद्याने लागणाऱ्या किमान मर्यादेपेक्षा कमी असल्याचे मोजणीत निघाले आणि १८९३मध्ये ती रद्द होऊन फिनी काउंटीत विलीन झाली. रॅव्हाना आणि एमिनन्स दोन्ही आज निर्मनुष्य आहेत. त्यांच्या ऱ्हासाला पश्चिम कॅन्ससमधला दुष्काळही कारण होता, हे खरे. पण दुष्काळ स्टीव्हन्स काउंटीतही पडला होता. ह्यूगटन आजही काउंटीचे ठिकाण आहे आणि नांदते आहे.