मुंब्र्याचा कातळ, बोटांची कसोटी

ठाण्याहून धिम्या लोकलने निघाले की कळव्यानंतर मुंब्रा येते. स्थानकाच्या अगदी अंगावर आलेला पारसिकचा डोंगर, वर मुंब्रादेवीचे देऊळ आणि उतारावर विखुरलेले मोठमोठे धोंडे. सह्याद्रीतल्या एखाद्या सुळक्यावर जायचे तर दोन दिवसांची सुट्टी लागते. डोंबिवली-कल्याणची मुले इथे मात्र रविवारी सकाळी येऊन दुपारच्या जेवणाला घरी पोहोचतात. त्यामुळेच प्रस्तरारोहकांच्या कितीतरी पिढ्यांनी कातळावरचे पहिले धडे मुंब्र्यात गिरवले.

जागा जवळची असली तरी आदर्श नाही. पायथ्याशी वस्ती, कचरा, काचांचे तुकडे आणि दहा वाजताच तापणारा काळा दगड. घामाने बोटे ओली झाली की दगडावरचे घर्षण कमी होते आणि पकड सुटते. हाताला चॉक, म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड लावतात ती हा घाम टिपण्यासाठी. पण तापलेल्या दगडावर तिचाही फारसा उपयोग होत नाही.

हा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा बेसॉल्ट. ताजा बेसॉल्ट अतिशय कठीण असतो. मात्र पाऊस आणि उन्हाच्या माऱ्याने त्याचे कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. वरून भक्कम दिसणारी कपार आतून सुटलेली असू शकते. म्हणून जाणकार आरोहक भार देण्याआधी होल्डवर मुठीने ठोकून पाहतात. आवाज पोकळ आला तर तो होल्ड सोडून देतात. पावसाळ्यात शेवाळ धरते. पावसाळा संपला की ओळखीचा मार्गही नव्याने तपासावा लागतो.

दगडाइतकेच लक्ष बोटांकडेही हवे. बोटे वाकवणारे मुख्य स्नायू बोटांत नसून कोपराखालच्या हातात असतात. तिथून निघालेले कंडरे बोटांच्या टोकांपर्यंत जातात. मासेमारीच्या गळाची दोरी काठीवरच्या कड्यांतून ओवलेली असते, तसे हे कंडरे हाडाला चिकटून राहावेत म्हणून त्यांच्यावर तंतूंची कडी असतात. बारीक कपारीवर बोटे दुमडून, मधला सांधा उंचावून धरलेल्या पकडीला ‘क्रिम्प’ म्हणतात. या पकडीत कड्यांवर सर्वाधिक ताण येतो. कडे तुटले तर ‘टक्’ असा आवाज येतो, बोट सुजते आणि दुखते. अनामिकेला ही इजा अधिक होते.

नवख्यांना ही इजा का होते? काही आठवड्यांच्या सरावाने स्नायू बळकट होतात. कंडरे आणि कडी मात्र सावकाश मजबूत होतात, त्यांना कित्येक महिने लागतात. हातात जोर आला असे वाटते, तेव्हा बोटे त्या जोरासाठी तयार झालेली नसतात.

वाढत्या वयातील मुलांबाबत आणखी काळजी घ्यावी लागते. त्यांच्या बोटांच्या हाडांत वाढीचा कूर्चेचा थर असतो. सततच्या क्रिम्पने तिथे सूक्ष्म फ्रॅक्चर होऊ शकते. तेरा ते सोळा वर्षांच्या मुलाने बोटाच्या मधल्या सांध्याच्या पाठीमागे दुखत असल्याचे सांगितले, तर ‘सवय होईल’ म्हणून सोडून देऊ नये. चढाई थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. टोकियो ऑलिम्पिकमध्ये या खेळाचा समावेश झाला. त्याआधी २०१६ आणि २०१७ मध्ये नवी मुंबईत बोल्डरिंगच्या विश्वचषक स्पर्धाही झाल्या. साहजिकच लहान वयात या खेळाकडे वळणारी मुले वाढत आहेत. त्यामुळे पालकांना ही माहिती असायलाच हवी.

बोल्डरिंग दोराशिवाय असते, त्यामुळे उडी किंवा पडणे ठरलेलेच. दगडधोंड्यांच्या उतारावर घोट्याला धोका सर्वाधिक. आधी खालची जागा साफ करावी, क्रॅश पॅड सपाट अंथरावे आणि पडणाऱ्याला दिशा देणारा साथीदार उभा ठेवावा. दोर लावून चढताना हेल्मेट आणि जाणता प्रशिक्षक हवाच. काच लागली तर जखम धुवावी आणि धनुर्वाताची लस केव्हा घेतली होती ते पाहावे.

चढाईआधी पंधरा मिनिटे सोपे मार्ग, दोन सरावांत एक दिवस विश्रांती आणि दुखू लागताच थांबणे, एवढी शिस्त पुरेशी आहे. मुंब्र्याचा डोंगर पुढच्या रविवारीही तिथेच असेल. दुखावलेले बोट मात्र कित्येक रविवार वाया घालवते.