कॉफीचं जातं

पहिल्यांदा बिया दळल्या त्या मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात. झाकण उघडताच वास असा आला की मी खूश. मग ते दळण वर्तमानपत्रावर पसरून पाहिलं. काही बिया नुसत्या अर्ध्या झालेल्या, बाकी दाण्याच्या कुटासारखे तुकडे आणि कडेला मैद्यासारखी भुकटी. या सगळ्यावर एकच गरम पाणी ओतलं की भुकटीतला कडूपणा भराभर उतरतो, जाड तुकड्यांच्या पोटातलं पोटातच राहतं आणि कप एकाच वेळी कडू नि आंबट लागतो.

मिक्सरचं पातं दळत नाही, फोडतं. दळायचं तर दोन पाळ्या हव्यात आणि त्यांच्यात ठरलेली फट. म्हणजे जातंच की! आजी डाळ भरडताना मधल्या खुंट्यावर चिंधी घालून वरची पाळी किंचित उचलायची. कॉफीच्या ग्राइंडरला तेच काम एक चकती करते. ती फिरवली की टक्-टक् वाजतं. जर्मन कमांडान्टे सी४०मध्ये एका टकेला फट साधारण ३० मायक्रॉननी बदलते. फ्रेंच प्रेसला जाड रवा, कागदी गाळणीला बारीक रवा, मोका पॉटला त्याहून बारीक.

एकट्या-दुकट्यासाठी मी हाताचाच घ्या म्हणेन. त्यात मोटर नाही, त्यामुळे पैसे पोलादी दात्यांत आणि बेअरिंगांत जातात. दुकानात दांडा धरून हलवून बघा. आतला शंकू डगमगला तर फट एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला अरुंद. मग दाते कितीही धारदार असोत, दळण मिक्सरच्याच जातीचं. टिकाऊ म्हणून सिरॅमिक दात्यांचं कौतुक होतं, पण ते बी कापण्यापेक्षा चिरडतात जास्त. पंधरा ग्रॅम दळायला मिनिटभर लागतं. हलक्या भाजणीच्या बिया दगडासारख्या, मनगट दुखवतात. गडद भाजलेल्या लोण्यासारख्या जातात.

सकाळी चार कप लागत असतील तर मात्र विजेचा बरा. बराट्झा एन्कोरवर जाड-बारीकाचे ४० टप्पे आहेत, गाळणीच्या कॉफीला ते पुरून उरतात. एस्प्रेसोचं वेड असेल तर गोष्ट वेगळी, तिथे केसाएवढ्या फरकाने धार अडते किंवा भसकन वाहते. ते वेड नसेल तर त्याचे पैसे कशाला मोजायचे?

बाकी देखभाल फार नाही. दळण भांड्याला चिकटत असेल तर आधी बियांवर पाण्याचा एखादा थेंब टाकून हलवायचं, स्थिर वीज कमी होते. पोलादी दाते धुवायचे नाहीत, ब्रशने झाडायचे. आणि मसाला दळायला द्यायचा नाही. दिवाळीत मिक्सर बिघडला म्हणून मी मूठभर मिरी दळून दिली. पुढचा आठवडाभर घरी येणारा प्रत्येक जण विचारत होता, कॉफीत सुंठ घातलीय का?