विदेश संचार निगम

भारताच्या परदेशांशी होणाऱ्या दूरध्वनी, टेलेक्स, तार व दूरचित्रवाणी संदेशवहनाची व्यवस्था पाहणारी भूतपूर्व सरकारी कंपनी. १ एप्रिल १९८६ रोजी तिने ‘ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस’ या सरकारी सेवेचे कार्य हाती घेतले. तिचे मुख्य कार्यालय मुंबईस होते.

पूर्वेतिहास : १८७० मध्ये मुंबई सागरी तारेने सुएझमार्गे इंग्लंडशी जोडली गेली. १९२७ मध्ये खडकी येथील प्रेषक व दौंड येथील ग्राही केंद्रांद्वारे लंडनशी बिनतारी सेवा सुरू झाली. खाजगी कंपनीकडे असलेली ही सेवा १९४७ मध्ये सरकारने ताब्यात घेतली. तथापि लघुतरंगांवरील संदेशवहन आयनांबरातील बदलांमुळे वारंवार विस्कळीत होई. या अडचणीवर उपग्रह हा उपाय ठरला.

आर्वी भूकेंद्र : पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील आर्वी येथील भूकेंद्र १९७१ मध्ये कार्यान्वित झाले. विक्रम साराभाई यांच्या स्मरणार्थ त्यास ‘विक्रम’ हे नाव देण्यात आले. सु. ३० मी. व्यासाच्या अन्वस्ताकार आकाशकाद्वारे (अँटेनाद्वारे) हिंदी महासागरावरील ‘इंटेलसॅट’ उपग्रहाशी संपर्क साधला जाई. हा उपग्रह विषुववृत्तावर सु. ३५,८०० किमी. उंचीवर पृथ्वीच्या गतीनेच फिरत असल्याने स्थिर भासतो. भूकेंद्राकडून आलेला संदेश तो विवर्धित करून निराळ्या कंप्रतेवर परत पाठवितो. या प्रवासास सु. पाव सेकंद लागतो.

नांदेड जिल्ह्यातील कंधारसारख्या गावाहून परदेशी केलेला दूरध्वनी प्रथम दूरसंचार खात्याच्या देशांतर्गत जाळ्यातून निगमाच्या केंद्रापर्यंत येई. तेथून पुढचा मार्ग निगमाचा असे. त्यामुळे भूकेंद्र कितीही कार्यक्षम असले, तरी गावापासूनची वाहिनी सदोष असल्यास त्याचा लाभ ग्राहकापर्यंत पोहोचत नसे.

मालकीचा प्रश्न : भूकेंद्र भारताचे असले, तरी उपग्रह इंटेलसॅट या आंतरराष्ट्रीय संघटनेचा होता. सभासद राष्ट्रे वापराच्या प्रमाणात तीत भांडवल गुंतवीत. स्वतःचा उपग्रह नसलेल्या विकसनशील देशांना यामुळे जगाशी थेट संपर्क साधता आला. मात्र क्षमता व दर यांविषयीचे निर्णय सर्वस्वी त्यांच्या हाती नव्हते. देशांतर्गत सेवेसाठी भारताने १९८० नंतरच्या दशकात ‘इन्सॅट’ ही स्वतंत्र प्रणाली उभारली.

उत्तरकाल : १५ ऑगस्ट १९९५ रोजी निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. २००२ मध्ये सरकारने निगमाचे २५ टक्के भाग व व्यवस्थापन टाटा समूहाकडे सोपविले. त्याच वर्षी परदेशी दूरध्वनीची मक्तेदारीही संपुष्टात आली. २००८ मध्ये कंपनीचे नाव ‘टाटा कम्युनिकेशन्स’ झाले व २०२१ मध्ये सरकारने उर्वरित भाग विकले. पुण्याजवळील दिघीसह अन्यत्रची अतिरिक्त जमीन विक्रीतून वगळून एका स्वतंत्र कंपनीकडे देण्यात आली. भारतीय संदेशवहन उपग्रहांची मालकी व व्यापारी व्यवस्था यांसाठी २०१९ मध्ये स्थापन झालेली ‘न्यूस्पेस इंडिया लिमिटेड’ ही सरकारी कंपनी आहे. उपग्रहसेवा ही केवळ यंत्रसामग्रीची नव्हे, तर तिच्यावरील नियंत्रणाचीही बाब आहे, हे या इतिहासावरून स्पष्ट होते.