टर्बो की सुपरचार्जर? ट्रॅकवर जाण्याआधी चार गैरसमज

श्रीगोंद्यात टर्बो नवा नाही. कारखान्यावर ऊस आणणाऱ्या ट्रकांनाही तो असतो. पण हौशी चालक गाडी ट्रॅकवर न्यायची म्हणाला की 'टर्बो घ्यावा की सुपरचार्जर' हा वाद रंगतोच. दोघांचं काम एकच: इंजिनात जास्त हवा कोंबायची. टर्बो एक्झॉस्टच्या गरम वायूवर फिरतो. सुपरचार्जरला इंजिनच फिरवतं, बहुधा पट्ट्यावर.

गैरसमज: खरी ताकद सुपरचार्जरची, टर्बो अ‍ॅव्हरेजसाठी.

वस्तुस्थिती: आपलं नगर रणगाडा दलाचं शहर, म्हणून दाखला तिथलाच. टी-72 रणगाड्याच्या 38.8 लिटरच्या डिझेल इंजिनाला गिअरवर फिरणारा सुपरचार्जर होता आणि ताकद 780 हॉर्सपॉवर. त्याच घराण्यातल्या, तेवढ्याच लिटरच्या टी-90 च्या इंजिनाला टर्बो बसला आणि आकडा 1000 वर गेला. पुण्यात जुळणी होणाऱ्या मर्सिडीज सी 200 चंही तसंच. 'कॉम्प्रेसर' मॉडेलात सुपरचार्जर होता, नंतरच्या 'सीजीआय'मध्ये टर्बो आला. इंजिन 1.8 लिटरचंच, ताकद 184 हॉर्सपॉवरच. टॉर्क मात्र 250 वरून 270 न्यूटन-मीटर झाला. सुपरचार्जर फिरवायला इंजिनाचीच ताकद खर्ची पडते. टर्बोही एक्झॉस्टची वाट थोडी अडवतो, पण वाया जाणारी ऊर्जा वापरतो.

गैरसमज: टर्बोला लॅग असतो, म्हणून ट्रॅकवर तो कुचकामी.

वस्तुस्थिती: लॅग, म्हणजे ताकद यायला लागणारा उशीर, जाणवतो तो मोठ्या टर्बोत आणि कमी आरपीएमला. ट्रॅकवर इंजिन सहसा चढ्या आरपीएमवरच असतं. 2014 पासून फॉर्म्युला वनच्या गाड्या 1.6 लिटरच्या टर्बो इंजिनावरच धावतात. घोड नदीपलीकडे रांजणगावात बनलेल्या अबार्थ पुंटोनेही 1.4 लिटरच्या टर्बो इंजिनातून 145 हॉर्सपॉवर काढली होती.

तरी या समजात तथ्य आहे. वळणातून बाहेर पडताना टायर पकडीच्या टोकावर असतात. मोठ्या टर्बोची ताकद तेव्हा उशिरा आणि एकदम आली, तर गाडी घसरते. सुपरचार्जर मात्र अ‍ॅक्सिलरेटर जितका दाबाल तितकंच देतो. म्हणून कोइंबतूरच्या कारीसारख्या छोट्या ट्रॅकवर सुपरचार्जर किंवा लहान टर्बो सोयीचा. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटसारख्या लांब सरळ पट्ट्यांवर टर्बो सरस.

गैरसमज: सुपरचार्जरला एक्झॉस्टचा ताप नाही, म्हणून तो थंड राहतो.

वस्तुस्थिती: हवा दाबली की तापतेच, मग दाबणारं यंत्र कुठलंही असो. 40 अंश सेल्सिअसची हवा दुप्पट दाबाला नेली, तर आदर्श यंत्रातही ती सुमारे 108 अंशांवर जाते. प्रत्यक्षात त्याहून जास्त. तापलेली हवा विरळ होते, नॉकिंगचा (इंधन अवेळी पेटण्याचा) धोका वाढतो आणि इंजिनाचा कंप्युटर ताकद कापतो. पहिली लॅप झकास आणि चौथी मंद, यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ही हवा थंड करणारा चांगला इंटरकूलर दोन्हींना हवाच.

गैरसमज: किट बसवून बूस्ट वाढवला की लॅप टाइम उतरला.

वस्तुस्थिती: बूस्ट, म्हणजे हवेचा दाब, वाढला की जास्त इंधन, नवं ट्यूनिंग आणि ताण सोसणारे पिस्टन लागतात. नवख्याचा वेळ कमी होतो तो आधी ब्रेक, टायर आणि सरावानं. शिवाय रस्त्यावरच्या गाडीत परस्पर असे बदल करणं मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 मध्ये बसत नाही.

थोडक्यात, आपल्याकडच्या हौशी चालकानं कंपनीतूनच टर्बो लागून आलेली गाडी घ्यावी आणि उरलेले पैसे ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल व टायरवर घालावेत. शेवटची लॅप सावकाश मारावी; तापलेला टर्बो लगेच बंद केला, तर बेअरिंगमधलं ऑइल जळतं. आणि वेगाची हौस ट्रॅकवरच भागवा, नगर-दौंड रस्त्यावर नको.